न वाचलेली पानं ओळखीची वाटू लागली तेव्हा

पहिली खूण मला आवडली होती, हे आधीच कबूल करून टाकते. आजारपणावर लिहिणारे बहुतेक जण म्हणतात की शरीर सांगत होतं, पण मी दुर्लक्ष केलं. मी दुर्लक्ष केलं नाही. मी खूश झाले.

मी मूळची वाशिमची. तीन वर्षांपूर्वी नागरी सेवा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला आले आणि जुन्या राजेंद्र नगरात परभणीच्या नाझनीनबरोबर एक खोली घेतली. खोली म्हणजे दोन पलंग आणि मधून आडवं होऊन जाता येईल एवढी वाट. अभ्यास लायब्ररीत. इथल्या लायब्ररीत पुस्तकं नसतात. लाकडी फळ्या ठोकून पाडलेले कप्पे असतात. प्रत्येकाला एक खुर्ची, एक दिवा आणि फोन चार्ज करायला एक भोक. तिथे एकच नियम सगळे मनापासून पाळतात: अभ्यास करणाऱ्याला हाक मारायची नाही. कुणी रडत असलं तरी नाही. रडून झालं की तो आपला आपण पुढचं पान उलटतो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा मी भूगोलातलं मृदेचं प्रकरण उघडलं. पहिल्यांदाच. आणि दुसऱ्या परिच्छेदाला मला एकदम वाटलं, हे मी वाचलंय. नुसतं वाचलंय असं नाही. याच खुर्चीत, याच पिवळ्या उजेडात, समोरच्या मुलीने अशीच वेणी मागे टाकली होती तेव्हा वाचलंय. पंधरा-वीस सेकंद ती खात्री टिकली आणि विरून गेली. मग आठवड्यातून दोन-तीनदा असं होऊ लागलं. राज्यघटना, वर्तमानपत्र, काहीही.

ही परीक्षा ज्यांनी दिलेली नाही त्यांना यातली गंमत कळणार नाही. आमचे सगळे सीनियर एकच मंत्र देतात: तिसऱ्या उजळणीला पान चेहऱ्यासारखं ओळखू यायला लागतं, तेव्हा समजायचं की तयारी झाली. मी त्या ओळखीसाठी दोन वर्षं डोळे फोडत होते. ती आली, तेव्हा ती आजाराची खूण असेल असं मला कसं वाटावं? आमच्या सगळ्यांकडे एक उजळणीची वही असते, त्यात विषयांची यादी. मी मृदेपुढे हिरव्या पेनने बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

त्याच सुमारास पोटातून काहीतरी वर चढायला लागलं. बेंबीपासून गळ्यापर्यंत, जत्रेतला पाळणा खाली येताना होतं तसं. मी मेसच्या राजम्याला शिव्या घातल्या आणि अॅसिडिटीची पुडी घेतली. मग जळक्या रबराचा वास यायला लागला. नोव्हेंबरात दिल्लीत जळका वास येतो ही काही तक्रार होऊ शकत नाही, ते हवामान आहे. मी नाझनीनला म्हटलं, "आज फार वास येतोय ना?" ती म्हणाली, "यार, रोजच येतो." विषय संपला.

आणि मधूनमधून माझी काही मिनिटं नाहीशी होत होती. नुकताच आणलेला चहा गार झालेला असायचा. एका सराव परीक्षेत उत्तरपत्रिकेवर एक लांब काळी रेघ होती, सात प्रश्नांवरून गेलेली, आणि ती मी कधी ओढली ते मला माहीत नव्हतं. मी रोज साडेचार तास झोपत होते आणि त्याचा मला अभिमान होता. सगळ्या गोष्टींचं उत्तर "झोप कमी पडतेय" असं होतं. त्यावर उपाय म्हणजे अजून एक चहा.

* * *

जानेवारीत एका सकाळी मी खोलीत उभी राहून स्वेटर घालत होते. पोटातला तो गोळा वर आला. यापुढचं मला काही आठवत नाही, ते सगळं नाझनीनने सांगितलेलं आहे.

मी किंचाळले आणि पडले. हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. नाझनीनच्या ओरडण्याने खालून घरमालकीण आंटी धावत आल्या. त्यांनी येताना आपली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. दुसऱ्या कुणीतरी कांदा फोडला. तिसरीने माझ्या मुठीत कुलपाची किल्ली कोंबली आणि चौथीने, देव तिचं भलं करो, माझ्या दातांमध्ये स्टीलचा चमचा घातला. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा त्या चमच्याने गेला. आकडी दोन मिनिटांत आपली आपण थांबली. दात मात्र कायमचा तुटका राहिला. दर वेळी आरशात बघताना मला आजाराचा राग येत नाही, चमच्याचा येतो.

म्हणून हे आत्ताच सांगून टाकते, मग विसरायला नको. आकडी आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. चप्पल पायातच राहू द्या. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, धरून दाबून ठेवू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीमागून दुसरी आली, तर लगेच हॉस्पिटल. एवढं चार ओळींचं ज्ञान त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. त्यात दोन भावी कलेक्टर होत्या.

मला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टर मॅडमनी मी नीट शुद्धीवर आल्यावर विचारलं, "गिरने से पहले कुछ महसूस होता है? कोई स्वाद, कोई बदबू, ऐसा लगना कि यह पहले हो चुका है?"

माझ्या उजळणीचा पुरावा ही बाई आजाराच्या यादीत वाचत होती.

मग त्यांनी नाझनीनला विचारलं, "आपने कभी देखा कि ये बीच में खो जाती हैं? मुँह चलाना, हाथ मसलना?"

"वो तो करती है," नाझनीन म्हणाली. "होंठ हिलाती है, पन्ना रगड़ती है. बुलाओ तो सुनती नहीं."

"कब से?"

"दो-ढाई महीने से. हफ़्ते में दो-तीन बार."

मी खाटेवर ताडकन उठून बसले. "नाझनीन! मग मला सांगितलं का नाहीस?"

तिचा चेहरा उतरला. "अगं, मला वाटलं तू पाठ करतेयस. लायब्ररीत कुणाला हाक मारतात का?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आज मागे वळून बघते तर तिची काही चूक नव्हती. तिच्या जागी मीसुद्धा तेच केलं असतं, आणि वर मनात म्हटलं असतं, बघा ही किती मन लावून वाचते. पण त्या दिवशी मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि ती हाताशी होती.

डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती पचायला मला सर्वांत जड गेली. मी ज्यांना खुणा म्हणत होते, ती ओळखीची पानं, पोटातला गोळा, तो वास, त्या खुणा नव्हत्याच. त्या लहान आकड्याच होत्या. मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होऊन तिथेच थांबणाऱ्या. त्या सकाळी ती थांबली नाही, पसरली, एवढाच फरक.

* * *

हॉस्पिटलच्या रांगांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पहाटे कार्डाची रांग, मग खोलीबाहेरची रांग, मग तपासणीच्या तारखेची रांग. मेंदूचा आलेख काढायचा म्हणून सांगितलं, "बाल धोके आना, तेल मत लगाना, रात को कम सोना." कमी झोपायचं! इतकी वर्षं मी कशाची तयारी करत होते ते तेव्हा कळलं. डोकंभर चिकट लेप लावून वायरी डकवल्या आणि डोळे मिटून पडायला सांगितलं. तो लेप तीन वेळा डोकं धुऊनही निघाला नाही.

आलेख नॉर्मल आला.

इथे माझी सर्वांत जास्त चिडचिड झाली. कारण हे कळताच प्रत्येकाने फोन करून सांगितलं, "बघ, काही नाहीये." डॉक्टर मॅडम सांगत होत्या की एका आलेखात दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं, आकडी त्या अर्ध्या तासात आली नाही एवढंच. एमआरआयमध्ये काही सापडलं नाही याचा अर्थ गाठ नव्हती, आणि ती खरोखर सुटका होती. पण मॅडम अपस्माराच्या, म्हणजे मिर्गीच्या, निदानाला पोचल्या ते माझ्या आणि नाझनीनच्या सांगण्यावरून. म्हणजे यंत्रापेक्षा शेजारी बसलेली मुलगी जास्त उपयोगी पडली, आणि ती शेजारी बसून अडीच महिने गप्प होती.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना मी पुस्तकावर डोकं टेकून झोपत होते. चिडचिड वाढली तर सांगा, या गोळीने होऊ शकते, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही. माझी चिडचिड माझी स्वतःची होती, तिचं श्रेय गोळीला कशाला?

* * *

बाबा आले. जिल्हा परिषदेत नोकरी, कधी चार दिवस सलग रजा न घेतलेला माणूस निजामुद्दीन स्टेशनवर उतरला तो आईने दिलेला चिवड्याचा डबा छातीशी धरून. खोलीत माझ्या पलंगावर बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "कुणाकुणाला माहीत झालंय?"

"बाबा, मी कशी आहे ते विचारा ना."

"ते दिसतंय मला. तू बरी आहेस. इथे कुणाला माहीत आहे?"

मी म्हटलं, आंटी, नाझनीन, खालचे दोन मजले, आणि ज्या बाईने चमचा घातला तिने सांगितलं असेल ते सगळे. त्यांनी डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले की आईने वाशिमला "चक्कर आली, अशक्तपणा आहे" असं सांगितलंय, आणि मीही तेच सांगावं. उद्या स्थळं बघायची आहेत. लोक काय काय बोलतात.

मला संताप आला. लपवायला मी काय केलं होतं? पण बाबांनी डबा अजून मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. त्यांना लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. ते दोन्ही मला तेव्हा सारखंच दिसलं.

"चल घरी," ते म्हणाले. "तिथे राहून कर अभ्यास."

घरी म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. अभ्यास आईच्या नजरेखाली, बाथरूमची कडी काढलेली, आणि सहा महिन्यांत एखादं "समजून घेणारं" स्थळ. मी भांडले, रडले, शेवटी नाझनीन मध्ये पडली. "अंकल, मी आहे ना. रोज फोन करीन तुम्हाला." बाबांनी तिचा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला.

"पूर्व परीक्षेपर्यंत," ते म्हणाले. "पास झाली नाहीस की परत यायचं. मी तिकीट काढून ठेवतो. बिल्कुल वाद नको." तीन दिवसांत दिल्लीचं हिंदी त्यांनाही लागलं होतं.

* * *

बाबा गेल्यावर मी उजळणीची वही उघडली.

हिरव्या खुणा केलेले विषय एकेक काढून बघितले. मृदा: पुस्तकात एकही ओळ अधोरेखित नाही, कोपरा दुमडलेला नाही. पंचायत राज: पानं करकरीत. शेती, बँका, व्यापार: काहीच नाही. अडीच महिन्यांत तेवीस प्रकरणं मी न वाचता "झालं" म्हणून मागे टाकली होती. मी वही भिंतीवर फेकून मारली. नाझनीनने ती उचलून आणून दिली.

आता प्रश्न असा होता की ज्या मुलीचं काम ओळखणं आहे, तिने आपल्या ओळखीवर विश्वास कसा ठेवायचा? खरं आठवलेलं आणि मेंदूने फसवलेलं, आतून दोन्ही सारखंच वाटतं. आम्ही दोघींनी एक रीत बसवली. पान ओळखीचं वाटलं की मी पुस्तक बंद करायचे आणि त्यातली एक तरी गोष्ट नाझनीनच्या कानात सांगायचे. खरंच वाचलेलं असलं तर वेडंवाकडं का होईना काही तरी यायचं. आकडी असली तर नुसती खात्री असायची, आत काही नसायचं. त्याच क्षणी मी नाझनीनच्या हातावर दोनदा थापटायचे. ती घड्याळ बघायची, माझ्यापुढचा चहा आणि पेन बाजूला करायची, आणि मला धरायची नाही. भानावर आले की विचारायची: नाव काय, वार कोणता, मी कोण? पहिल्यांदा "मी कोण?" याचं उत्तर मी "चमचा" असं दिलं म्हणे. ती हसत सुटली आणि लायब्ररीतल्या चाळीस माना वर झाल्या.

ती सगळं एका कागदावर लिहून ठेवायची, आणि डॉक्टर मॅडमनी सांगितल्यावरून एकदा तिने फोनवर चित्रीकरणही केलं. ते बघणं भयंकर होतं. माझाच चेहरा, पण घरात कुणी नसल्यासारखा. तेवढ्यावरून मॅडमनी गोळी वाढवली आणि आठवड्यातल्या तीन आकड्या महिन्याला एकीवर आल्या. त्या कागदातून हेही कळलं की कमी झोपले की दुसऱ्या दिवशी आकडी हमखास येते. मी सात तास झोपायला लागले. इतका अपराधी भाव मला चोरी करूनही वाटला नसता.

* * *

परीक्षेआधी मॅडमनी एक पत्र लिहून दिलं. "सेंटर पर पहले ही बता देना." फोनवर बाबा म्हणाले, "कशाला? त्यांनी बसू दिलं नाही तर?" मी बाबांचं ऐकलं. पत्र बॅगेत ठेवलं आणि बॅग नियमाप्रमाणे वर्गाबाहेर राहिली.

पहिला पेपर. तास झाला असेल. बँकांवरचा एक प्रश्न वाचला आणि तिसरा पर्याय असा झळाळून उठला की मी गोल काळा करायला पेन टेकवलं. मग थांबले. स्वतःला म्हटलं, यातली एक गोष्ट सांग. काही येईना. आणि खालून पोट चढायला लागलं.

माझ्या हातात वीसेक सेकंद होते. गप्प बसले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पेन हातात घेऊन उत्तरपत्रिकेवर मी काय रेघोट्या मारल्या असत्या ते मात्र मला चांगलं ठाऊक होतं. मी हात वर केला. पर्यवेक्षिका, चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक वयस्क बाई, जवळ आल्या.

"मैम, मुझे मिर्गी है. अभी दौरा आएगा, छोटा वाला. मुझे पकड़िए मत. शीट हटा लीजिए."

मला फार मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं. सगळा वर्ग वळला एवढं शेवटचं आठवतं.

भानावर आले तेव्हा माझं बाक रिकामं होतं. त्यांनी उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि पेन, तिन्ही आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं आणि स्वतः माझ्या शेजारी उभ्या होत्या, हात मागे बांधून.

"ग्यारह मिनट हुए, बेटा. टाइम मैं नहीं बढ़ा सकती." मग शीट पुढे ठेवत म्हणाल्या, "लेकिन इस पर एक लकीर नहीं आने दी."

मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला. दुपारचा पेपरही दिला.

* * *

निकाल लागला. यादीत माझा नंबर नव्हता.

दिवसभर फोन. आई, मावशी, शाळेतल्या मॅडम, सगळ्यांचा एकच सूर: आजारपणात एवढं केलंस हेच खूप. नाझनीन मुख्य परीक्षेला पात्र झाली होती आणि माझ्यासमोर हसायची चोरी झाल्यासारखी वावरत होती, त्याचाही मला वैताग आला. संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझा काय दोष? त्या आजारामुळे गेलं."

"आजारामुळे नाही गेलं, बाबा."

"अगं, अकरा मिनिटं..."

"अकरा मिनिटांत मी फार तर दहा प्रश्न सोडवले असते. क्लासच्या उत्तरांशी ताडून बघितलंय मी. अर्थशास्त्राचे चौदा प्रश्न चुकले, आणि ते मी पूर्ण शुद्धीत असताना चुकवलेत. मला येत नव्हते. माझं अर्थशास्त्र कच्चं आहे, बाबा. सगळं त्या आजाराच्या नावावर नका टाकू, थोडं तरी माझ्या नावावर राहू द्या."

जानेवारीपासून बाबांनी मला एकदाही रागावलं नव्हतं. आवाज चढवला तर मला काही होईल अशी भीती त्यांच्या मनात बसली होती, आणि त्या मऊ आवाजाने मी आतून गुदमरले होते.

"चौदा?" बाबा म्हणाले. "अगं, चौदा? तीन वर्षं दिल्लीत बसून तुला साधं अर्थशास्त्र येत नाही? करत काय होतीस तिथे? लाज नाही वाटत सांगायला?"

त्यांचा आवाज पार वर गेला होता. मागून आई घाबरून "अहो, हळू, अहो" करत होती.

"वाटते," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"वाटते ना? मग मी काढलेलं ते परतीचं तिकीट रद्द कर आणि उद्या सकाळी पुस्तक उघड. पहिल्या पानापासून. आणि त्या नाझनीनला पेढे दे माझ्याकडून, पोरगी पास झाली म्हणे. गोळी घेतलीस का आजची?"

"घेते."

"घेते नाही. आत्ता घे, मी फोनवर आहे."

मी गोळी घेतली.